वेदना आणि विजया

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींच्या मुखावर स्मित उमटलें असेल. गांजा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें धुनी पेटवून बसलेला बैरागी आणि हातोहात फिरणारी चिलीम उभी राहते. भांग म्हटली कीं महाशिवरात्रीचा प्रसाद आणि त्यानंतर झालेली एखाद्या पाहुण्याची फजिती आठवते. ह्या वनस्पतीचा औषध म्हणून विचार करावा, असें सुशिक्षित कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत सहसा कोणी सुचवीत नसे. आतां मात्र जाहिरातींतून, दुकानांतून आणि परदेशीं राहणाऱ्या मुलांच्या दूरध्वनीवरून ही सूचना घरोघर येऊं लागली आहे. म्हणून थट्टा बाजूस ठेवून, आणि भीतिहि बाजूस ठेवून, या विषयाकडे पाहण्याची वेळ आली आहे.

मी वैद्यकाचा व्यवसाय करणारा मनुष्य. या विषयाकडे माझें लक्ष वळलें तें एका चुकीमुळें, आणि ती चूक माझीच होती. माझ्याकडे औषधास येणारे एक वृद्ध, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना आम्ही सारे मास्तरच म्हणतों. त्यांना नागीण झाली. अंगावरचे फोड कांहीं दिवसांत सुकले; परंतु बरगडीच्या बाजूनें उठणारी आग कांहीं केल्या शमेना. सदऱ्याचा स्पर्शहि त्यांना सोसवेना. नागीण बरी झाल्यावर मज्जातंतूंत मागें राहणारें हें दुखणें मोठें चिवट असतें. एके दिवशीं त्यांनीं संकोचत विचारलें, "डॉक्टर, भांगेच्या अर्कानें असल्या दुखण्यास उतार पडतो म्हणतात. घेऊन पाहूं का?" मी हंसून म्हटलें, "मास्तर, आतां या वयांत चिलीमच तेवढी ओढायची राहिली आहे, होय?" मास्तरहि हंसले आणि विषय तेथेंच संपला. निदान माझ्यापुरता संपला. त्या हंसण्याचा परिणाम काय झाला, तें मी शेवटीं सांगणार आहें. त्यापूर्वीं, मास्तरांच्या प्रश्नास त्या दिवशीं मीं जें उत्तर द्यावयास हवें होतें, तें आज आपणांपुढें देतों.

प्रथम या वनस्पतीची ओळख करून घेऊं. भांग, गांजा आणि चरस हीं एकाच झाडाचीं तीन रूपें आहेत. पानांची ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा. आणि त्या फुलोऱ्यावरील चिकट राळ वेगळी काढली म्हणजे तो चरस. आयुर्वेदांत हिला 'विजया' असें भारदस्त नांव आहे. सोळाव्या शतकांतील 'भावप्रकाश' या ग्रंथांत हिचे गुण सांगितले आहेत, ते मोठे मार्मिक आहेत. ती कफ हरते, पचन सुधारते, भूक वाढविते; आणि त्याचबरोबर मोह, मद व वाचाळपणा हेहि वाढविते. गुण आणि दोष अशा रीतीनें एकाच दमांत सांगणारा तो ग्रंथकार आजच्या पुष्कळ जाहिरातदारांपेक्षां अधिक प्रामाणिक होता, असें म्हणावें लागतें.

पाश्चात्य वैद्यकास या औषधाचा परिचय झाला तो आपल्याच देशांत. विल्यम ब्रुक ओशॉनेसी नांवाचा एक तरुण आयरिश डॉक्टर १८३३ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीनिमित्त कलकत्त्यास आला. पुढें १८३५ मध्यें स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजांत तो रसायनशास्त्र शिकवूं लागला. हाच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें विणण्याच्या कामीं अग्रेसर ठरला. इतका चौकस मनुष्य बाजारांत उघड विकल्या जाणाऱ्या या वनस्पतीकडे दुर्लक्ष करील, हें शक्यच नव्हतें. त्यानें संस्कृत ग्रंथांसाठीं पंडित मधुसूदन गुप्त यांची मदत घेतली, फारसी ग्रंथांसाठीं त्या भाषेच्या जाणकारांस विचारलें, प्रथम कुत्र्यांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग केले, आणि मगच रुग्णांकडे वळला.

१८३८ च्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस दुपारीं दोन वाजतां त्यानें संधिवाताच्या तीन रुग्णांस गांजाच्या राळेचा प्रत्येकीं एक ग्रेन दिला. एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम. आपल्या जुन्या मापानें अर्ध्या गुंजेहून किंचित् अधिक. दोन तासांनीं त्यांतील एक रुग्ण अतिशय बोलूं लागला, गाणीं म्हणूं लागला, जादा जेवण मागूं लागला, आणि आपण अगदीं ठणठणीत बरे झालों असें सांगूं लागला. भावप्रकाशकारांनीं सांगितलेला वाचाळपणा आणि वाढलेली भूक ती हीच! उरलेल्या दोघांवर मात्र त्या वेळीं कांहीं परिणाम दिसेना. रात्रीं आठ वाजतां पाहिलें तों पहिला रुग्ण बेशुद्ध पडलेला. श्वास नियमित चाललेला. परंतु त्याचा हात उचलून ज्या स्थितींत ठेवावा, त्याच स्थितींत तो राही. ओशॉनेसी घाबरला. पुढें तो रुग्ण सावध झाला, आणि डॉक्टरनें मात्रा कमी केली. लहान मात्रेनें बहुतेक रुग्णांचें दुखणें हलकें झालें, भूक वाढली आणि मन प्रसन्न झालें, अशी नोंद त्यानें करून ठेविली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें आजारी झालेल्या एका रुग्णाचा मृत्यु त्याला टाळतां आला नाहीं. परंतु पाण्याच्या नुसत्या कल्पनेनें झटके येणाऱ्या त्या माणसाला औषध दिल्यावर रसाळ फळ आणि भात गिळतां आला. रोग हटला नाहीं, यातना मात्र कमी झाल्या. वेदनाशामक औषधाकडून याहून अधिक अपेक्षा करणें हें मुळांतच चूक आहे.

या प्रयोगांतील एका गोष्टीकडे मी आपलें मुद्दाम लक्ष वेधतों. औषध तेंच, मात्रा तीच, रोग तोच. आणि तरीहि एक मनुष्य बेशुद्ध पडतो आणि दुसऱ्या एकावर कांहींच परिणाम होत नाहीं. या एका अडचणीनें पुढील जवळजवळ दोनशें वर्षें या औषधाची पाठ सोडलेली नाहीं.

ओशॉनेसीचा निबंध १८३९ मध्यें वाचला गेला. दोन वर्षांनीं तो विलायतेस परतला तेव्हां सोबत गांजा घेऊन गेला, आणि लंडनचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनीं त्याचा अर्क तयार केला. पुढील अर्धशतक हा अर्क युरोप-अमेरिकेंतील दवाखान्यांत मानानें वावरला. राणी व्हिक्टोरियाचे एक वैद्य जे. रसेल रेनल्ड्स यांनीं १८९० मध्यें 'लॅन्सेट' या साप्ताहिकपत्रांत या औषधाचे उपयोग व दुष्परिणाम यांवर लेख लिहिला. स्वतः राणी हें औषध घेत असे, ही गोष्ट आज वारंवार सांगितली जाते. परंतु तिला पुरावा नाहीं. विल्यम ऑस्लर या थोर वैद्यानें १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकांत अर्धशिशीवर बहुधा हेंच सर्वांत समाधानकारक औषध होय, असें मत दिलें.

त्याच सुमारास इकडे सरकारनें एक मोठी चौकशी केली. ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ मध्यें एक कमिशन नेमलें गेलें. त्यानें देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनानें व्यवहारतः हानि होत नाहीं, अतिसेवन मात्र घातक आहे, आणि समूळ बंदी करणें अनावश्यक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या काळीं गांजाची शेती कडक देखरेखीखालीं चाले. बंगालमधील नौगांव आणि मध्यप्रांतांतील खांडवा हीं त्याचीं प्रसिद्ध केंद्रें. आपल्या मुंबई इलाख्यांत अहमदनगर जिल्ह्यांतहि ती होत असे.

मग हें औषध वैद्यकांतून गेलें कसें? केवळ कायद्यानें गेलें, असें पुष्कळांस वाटतें. तें अर्धसत्य आहे. एका बाटलींतील अर्क तीव्र, तर दुसऱ्या बाटलींतील निरुपयोगी, असा वैद्यांचा अनुभव होता. ही राळ पाण्यांत विरघळत नाहीं. त्यामुळें टोचण्याची पिचकारी प्रचारांत आल्यावर मॉर्फिननें तिला मागें टाकलें. १८९९ मध्यें अ‍ॅस्पिरिन बाजारांत आलें. त्याची गोळी स्वस्त, आणि प्रत्येक गोळी सारखी. कायदा आला तो या पडत्या काळांत. १९२५ च्या जिनिव्हा करारानें गांजावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणलें; १९३२ मध्यें ब्रिटिश औषधकोशांतून आणि १९४२ मध्यें अमेरिकन औषधकोशांतून त्याचें नांव निघालें; १९६१ च्या करारानें तर त्याला सर्वांत घातक द्रव्यांच्या पंक्तीस बसविलें.

या बहिष्काराच्या काळांतच शास्त्रज्ञांनीं त्याचें मर्म शोधून काढलें. अफूंतील मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हातीं आलें होतें. गांजांतील मादक द्रव्य मात्र १९६४ पर्यंत शुद्ध स्वरूपांत कोणाच्या हातीं लागलें नव्हतें. इस्रायलमधील राफाएल मेशूलम यांनीं आपले सहकारी गाओनी यांच्यासह तें वेगळें केलें आणि त्याची रचना सांगितली. पोलिसांनीं जप्त केलेला पांच किलो चरस ते पिशवींत घालून सार्वजनिक बसनें प्रयोगशाळेंत घेऊन आले, आणि सहप्रवासी त्या उग्र वासानें चकित झाले, अशी आठवण ते सांगत असत. हें द्रव्य म्हणजे टी.एच.सी. त्याच्याच जोडीला सी.बी.डी. नांवाचें दुसरें द्रव्य असतें. तें गुंगी आणीत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, एका झाडाच्या राळेस मनुष्याच्या मेंदूंत प्रवेश कसा मिळावा? १९८८ मध्यें असें दिसून आलें कीं आपल्या मज्जापेशींवर या द्रव्यास बरोबर बसेल असें एक ग्राहकस्थान असतें, जणूं कुलूप. निसर्गानें कुलूप केलें असेल तर त्याची किल्लीहि शरीरांतच असली पाहिजे. ती १९९२ मध्यें मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेंत सांपडली. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेल्या त्या द्रव्यास शोधकांनीं नांव दिलें 'आनंदामाइड'. आपल्या संस्कृतांतील 'आनंद' शब्दावरून!

त्याचें कार्य मोठें कौतुकास्पद आहे. सामान्यतः एक मज्जापेशी संदेश पाठविते आणि दुसरी तो घेते. येथें उलट घडतें. संदेश घेणारी पेशी हें द्रव्य सोडून पाठविणाऱ्या पेशीला सांगते कीं, 'समजलें, आतां पुरे.' मग पाठविणारी पेशी आपला आवाज उतरविते. दुखण्याच्या मार्गावर जागोजाग अशीं स्थानें आहेत. गांजांतील टी.एच.सी. तींच स्थानें व्यापतें आणि वेदनेची हांकाटी कमी करतें. परंतु तींच स्थानें स्मृति, तोल, भूक आणि भय यांच्या केंद्रांतहि आहेत. म्हणून वेदनेबरोबर तोल आणि स्मृतिहि डळमळते. श्वासोच्छ्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागांत मात्र तीं फार थोडीं आहेत. अफूच्या अतिमात्रेनें श्वास बंद पडून मनुष्य दगावतो, तसें या द्रव्यानें सहसा होत नाहीं, त्याचें कारण हेंच. तो रुग्ण बेशुद्ध असतांहि त्याचा श्वास नियमित चालला होता, हें आपणांस आठवत असेल.

इतकें सर्व ठीक. परंतु याचा रुग्णास प्रत्यक्ष उपयोग किती? येथें मी आपणांस आंकडे सांगणार आहें, कारण जाहिराती ते सांगत नाहींत. २०२१ मध्यें दीर्घकालीन दुखण्याच्या ३२ प्रयोगांचें एकत्र परीक्षण झालें. त्यांत पांच हजारांहून अधिक रुग्ण होते. निम्म्यांस औषध आणि निम्म्यांस औषधासारखीच दिसणारी निरुपयोगी वस्तु द्यावी, असा अशा प्रयोगांचा सर्वसाधारण प्रकार असतो. निष्कर्ष असा निघाला कीं, ज्यांचें दुखणें जाणवण्याइतकें कमी झालें अशा रुग्णांची संख्या औषधामुळें शंभरांमागें सुमारें दहांनीं वाढली. शंभरांत दहा, शून्यहि नव्हे आणि चमत्कारहि नव्हे. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जर्मनींतील एका प्रयोगांत कंबरदुखीच्या ८२० रुग्णांना गांजाचा प्रमाणित अर्क किंवा निरुपयोगी वस्तु देण्यांत आली. दहापर्यंतच्या मापावर औषधाचा फायदा सरासरीनें एका गुणाहूनहि कमी भरला. कर्करोगाच्या वेदनेवर तोंडांत फवारण्याचें जें औषध निघालें, तें तीन मोठ्या प्रयोगांत अपेक्षित कसोटीस उतरलें नाहीं. मज्जातंतूंच्या दुखण्यांत थोडा लाभ दिसतो. पण तो थोडाच.

म्हणूनच तज्ज्ञांतहि एकमत नाहीं. २०१७ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय विद्वत्सभेनें प्रौढांच्या दीर्घ दुखण्यावर हें उपयोगी असल्याचा भरीव पुरावा आहे, असें म्हटलें. इंग्लंडमध्यें २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांस हें लिहून देण्याची मुभा मिळाली. परंतु तेथीलच सरकारी मार्गदर्शक संस्थेनें २०१९ मध्यें दीर्घ दुखण्यावर टी.एच.सी. देऊं नये असें सांगितलें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेंहि २०२१ मध्यें सर्वसाधारण शिफारस करण्याचें नाकारलें. या द्रव्यांचा निर्विवाद उपयोग ठरला आहे तो अन्यत्र: बालकांच्या कांहीं दुर्मिळ व हट्टी अपस्मारांत, आणि कर्करोगावरील औषधांनीं होणाऱ्या वांत्यांत.

घाईनें निष्कर्ष काढल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण देतों. अमेरिकेंतील ज्या राज्यांनीं वैद्यकीय गांजास परवानगी दिली, तेथें अफूजन्य औषधांनीं होणारे मृत्यु अपेक्षेहून सुमारें पंचवीस टक्के कमी आहेत, असें २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें. ठिकठिकाणच्या कायदेमंडळांत त्या आंकड्याचा डंका वाजला. २०१९ मध्यें दुसऱ्या संशोधकांनीं तीच पद्धत वापरून पुढील वर्षांचा हिशेब केला, तों चित्र उलटें झालें. मृत्यु कमी नव्हे, जास्त दिसूं लागले! दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एक दुसरीचें कारण होतेंच असें नाहीं, हें तर्कशास्त्राचें पहिलेंच सूत्र. पण वेदना आणि आशा यांच्यापुढें तें फार लवकर विसरलें जातें.

दुष्परिणामांविषयीं थोडें सांगतों. भोंवळ, सुस्ती, कोरडें तोंड आणि हृदयाचे जलद ठोके हे नेहमींचे. वृद्धांस पडण्याचें भय. तरुण वयांत, आणि ज्यांच्या घराण्यांत वेडाचा इतिहास आहे त्यांस, चित्तभ्रमाचा धोका. गर्भवतीनें हें घेऊंच नये. हें घेऊन वाहन चालवूं नये. धूर तर औषध म्हणून सर्वथा वर्ज्य; त्यानें फुप्फुसांची हानि होते आणि मात्रेचा हिशेब राहत नाहीं. आणखी एक धोका बाटलीवरच्या चिठ्ठीचा. २०१७ मध्यें अमेरिकेंत घरपोंच विकल्या जाणाऱ्या सी.बी.डी.च्या ८४ वस्तु तपासल्या, तेव्हां अवघ्या २६ वस्तूंत लिहिल्याइतकें द्रव्य निघालें. आणि १८ वस्तूंत गुंगी आणणारें टी.एच.सी. सांपडलें.

कायद्याची बाजूहि समजून घ्यावी. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें चरस आणि फुलोऱ्याचा गांजा यांस निषिद्ध केलें आहे. वैद्यकीय व शास्त्रीय कार्यासाठीं सरकारी परवान्यानें वाट ठेविली आहे. नुसतीं पानें त्या व्याख्येंत येत नाहींत. परंतु त्यांवर त्या त्या राज्याचे नियम चालतात, आणि आपल्याकडे भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं येते. परवानाधारक कारखान्यांत पानांपासून आयुर्वेदीय औषधें होतात, आणि तीं वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. २०२० च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं गांजास सर्वांत कडक यादींतून काढलें. हिंदुस्थाननें बाजूनें मत दिलें. बंधनें मात्र उठलीं नाहींत.

या कायद्याच्या इतिहासांत एक दुःखद प्रकरण आहे. मॉर्फिन हें कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचें सिद्ध औषध. आपला देश सनदशीर अफू पिकवितो आणि जगास पुरवितो. तरीहि १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळें आपल्याच रुग्णालयांतून मॉर्फिन दिसेनासें झालें, आणि २०१४ मध्यें कायदा सुधारीपर्यंत असंख्य रुग्ण विव्हळत गेले. नव्या औषधाचा उत्साह धरतांना, हातीं असलेलें जुनें औषध रुग्णाच्या उशाशीं पोंचतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आतां मास्तरांकडे वळतों. त्या दिवसानंतर दीड महिन्यानें त्यांच्या सूनबाईंनीं मला घाईनें बोलावलें. मास्तर न्हाणीघरांत भोंवळ येऊन पडले होते. हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतें. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीं त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी चालू होती. मात्रा बदललेली नसतां असें कां व्हावें, हें मला उमगेना. शेवटीं सूनबाईंनीं टेबलाच्या खणांतून एक लहानशी बाटली आणून माझ्यापुढें ठेविली. मास्तरांनीं ती टपालानें मागविली होती. सी.बी.डी. हें यकृतांत त्या गोळीचा निचरा होऊं देत नाहीं, आणि तिचा जोर वाढतो. हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. मास्तरांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

मास्तर त्यांतून बचावले. शुद्धीवर आल्यावर मी किंचित् रागानेंच म्हटलें, "मास्तर, मला एका शब्दानें तरी विचारावयाचें!" ते शांतपणें म्हणाले, "विचारलें होतें, डॉक्टर. तुम्ही हंसलांत."

श्रोतेहो, या उत्तरावर मला बोलावयास कांहीं उरलें नाहीं. पुढें मज्जातंतूंच्या दुखण्यावरचीं नेहमींचीं औषधें मीं लहान मात्रेनें आरंभून, धीरानें वाढवून दिलीं. आग पूर्ण गेली नाहीं. परंतु मास्तर आतां सदरा घालून सकाळीं फिरावयास जातात. विजया त्यांच्या उपयोगी पडली असती कीं नसती, हें मी सांगूं शकत नाहीं. कदाचित् शंभरांतल्या त्या दहांत ते बसलेहि असते. पण तें पाहावयाचें तर तें डॉक्टरच्या डोळ्यांदेखत, ज्ञात मात्रेनें आणि बाकीच्या औषधांचा हिशेब करून पाहावयास हवें होतें.

आपल्या घरांत दीर्घ दुखण्यानें त्रासलेलें कोणी असेल, आणि अशी एखादी बाटली घरीं आली असेल, किंवा येण्याच्या वाटेवर असेल, तर ती खणांत लपवूं नका. ती घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्या, आणि प्रश्न सरळ विचारा. आणि माझ्या व्यवसायबंधूंपैकीं कोणी हें ऐकत असतील, तर त्यांस एवढीच विनंति कीं, असा प्रश्न आला असतां हंसूं नका.